तेजीच्या वर्षावर न भुललेला माणूस : बेंजामिन ग्रॅहम

मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा वैनगंगेच्या खोऱ्यात, महाराष्ट्राच्या गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांच्या सीमेला लागून वसला आहे. बालाघाट शहरालगत भरवेली येथे मँगनीजची भूमिगत खाण आहे. आशियातील सर्वांत खोल मँगनीज खाणींत तिची गणना होते. ती चालविणाऱ्या ‘मॉइल’ या सरकारी कंपनीचे मूळ १८९६ साली स्थापन झालेल्या एका ब्रिटिश संस्थेपर्यंत जाते. तिचे मुख्यालय नागपुरात असून डिसेंबर २०१० मध्ये तिच्या शेअरची बाजारात नोंदणी झाली. मँगनीज पोलादासाठी लागते. जगातील पोलादाच्या भट्ट्या धडाडल्या की खनिजाचा भाव चढतो आणि त्या मंदावल्या की उतरतो. खाण तीच, कामगार तेच, जमिनीखालचा साठाही तोच. नफा मात्र एका वर्षी फुगतो आणि दुसऱ्या वर्षी आटतो. मग अशा कंपनीच्या शेअरचे खरे मोल कोणत्या वर्षाच्या नफ्यावरून ठरवावे?

हा प्रश्न गोमंतकाला परका नाही. लोहखनिजाच्या तेजीत कर्ज काढून ट्रक आणि बार्ज घेतलेल्या अनेक कुटुंबांना, २०१२ साली खाणी थांबल्या तेव्हा, तेजीचे वर्ष म्हणजे नेहमीचे वर्ष नव्हे हे फार मोठी किंमत देऊन कळले. खनिज तेलाच्या कंपन्यांत तर हा चढउतार सर्वांत तीव्र असतो. या प्रश्नाला हिशेबी शिस्तीचे उत्तर देणारा माणूस बालाघाटला कधी आला नाही आणि खाणीतही कधी उतरला नाही. त्याचे नाव बेंजामिन ग्रॅहम.

ग्रॅहम यांचा जन्म ९ मे १८९४ रोजी लंडनमध्ये एका ज्यू कुटुंबात झाला. घराण्याचे मूळ आडनाव ग्रॉसबाउम. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते बदलून ग्रॅहम करण्यात आले. बेंजामिन वर्षभराचे असताना कुटुंब न्यूयॉर्कला स्थलांतरित झाले. वडिलांचा चिनी मातीच्या वस्तू आयात करण्याचा व्यवसाय चांगला चालला होता. मात्र १९०३ साली त्यांचे अकाली निधन झाले आणि तीन मुलांचा भार आईवर पडला. तिने व्यवसाय चालविण्याचा प्रयत्न केला. तो साधला नाही. मग घरात भाडेकरू ठेवून खानावळीसारखा उद्योग केला, तोही बुडाला. उरलीसुरली आशा तिने शेअर बाजारावर ठेवली आणि दलालाकडून उसन्या घेतलेल्या रकमेवर एका मोठ्या पोलाद कंपनीचे थोडे शेअर घेतले. १९०७ साली अमेरिकेत बाजार कोसळला आणि तिचे खाते पुसले गेले. त्या वेळी बेंजामिन तेरा वर्षांचे होते. चढत्या भावावर भरवसा ठेवून घर कसे उघडे पडते, याचा पहिला धडा त्यांना असा घरातच मिळाला.

शिष्यवृत्तीच्या बळावर त्यांनी कोलंबिया विद्यापीठातून १९१४ साली पदवी घेतली. त्यांची बुद्धी इतकी चौफेर होती की, इंग्रजी, तत्त्वज्ञान आणि गणित या तिन्ही विभागांनी त्यांना अध्यापनासाठी बोलावले. घरची ओढग्रस्त पाहता त्यांनी वॉल स्ट्रीटवरील एका पेढीत आठवड्याला १२ डॉलर पगाराची नोकरी पत्करली. त्या काळी शेअरची खरेदी बहुतांशी कानगोष्टींवर चाले. कंपन्यांचे ताळेबंद त्रोटक असत आणि जे उपलब्ध असत तेही फारसे कोणी वाचत नसे. ग्रॅहम ते वाचू लागले. काही वर्षांतच त्यांचा लौकिक झाला आणि १९२६ साली त्यांनी स्वतःच्या नावाने गुंतवणुकीचा सामाईक निधी सुरू केला. पुढे जेरोम न्यूमन हे त्यांचे आयुष्यभराचे भागीदार झाले.

त्याच वर्षी तेल उद्योगाशी त्यांचा तो गाजलेला संबंध आला. रॉकफेलर यांची स्टँडर्ड ऑइल ही अजस्र कंपनी १९११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ३४ कंपन्यांत विभागली गेली होती. त्यांत कच्चे तेल नळांतून वाहून नेणाऱ्या आठ लहान कंपन्या होत्या. रेल्वेविषयीच्या सरकारी अहवालात ग्रॅहम यांना या कंपन्यांचा उल्लेख आढळला. त्या आपले तपशीलवार हिशेब वॉशिंग्टनमधील सरकारी आयोगाकडे भरतात, हे कळताच त्यांनी ती राजधानी गाठली आणि कागद चाळले. नॉर्दर्न पाइपलाइन या कंपनीचा शेअर बाजारात ६५ डॉलरला मिळत होता. तिच्याजवळचे रेल्वेचे रोखे आणि इतर सहज विकता येण्याजोगी मालमत्ता मात्र दर शेअरमागे सुमारे ९५ डॉलरची होती. भागधारकांना ६ डॉलर लाभांश मिळे. उरलेले धन तिजोरीत निपचित पडले होते.

ग्रॅहम यांनी कंपनीच्या ४०,००० शेअरांपैकी २,००० शेअर शांतपणे जमवले आणि अतिरिक्त रक्कम भागधारकांना परत करावी, अशी मागणी व्यवस्थापनाकडे केली. ती धुडकावली गेली. जानेवारी १९२७ मध्ये ते पेनसिल्व्हेनियातील ऑइल सिटी या आडगावी भरलेल्या वार्षिक सभेला गेले. तेथे त्यांच्या ठरावाला अनुमोदन देणारेही कोणी नव्हते, त्यामुळे त्यांना बोलताच आले नाही. पुढचे वर्षभर त्यांनी भागधारकांच्या भेटी घेऊन मुखत्यारपत्रे गोळा केली. १९२८ च्या सभेत त्यांच्या बाजूचे दोन संचालक निवडून आले. त्यानंतर कंपनीने दर शेअरमागे ७० डॉलर वाटले. त्याउपर शेअर होताच. एका तेलवाहिनीच्या कंपनीचा बाजारभाव आणि तिचे खरे मोल यांत केवढे अंतर असू शकते, हे तेव्हा उघड झाले.

याच सुमारास त्यांनी कोलंबिया विद्यापीठात सायंकाळी वर्ग घ्यायला सुरुवात केली. मात्र यशाच्या या शिखरावरच दैव फिरले. १९२७ मध्ये त्यांचा आठ वर्षांचा थोरला मुलगा मेंदूज्वराने गेला. दोन वर्षांनी बाजार कोसळला. इतरांना सावधगिरी शिकवणाऱ्या ग्रॅहम यांनी स्वतःच्या निधीसाठीही कर्ज काढले होते. १९२९ ते १९३२ या चार वर्षांत त्यांच्या हातातील सुमारे ७० टक्के भांडवल नष्ट झाले. प्रशस्त निवासस्थान सोडून कुटुंब लहान घरात गेले आणि पत्नीने पुन्हा नृत्याचे वर्ग सुरू केले. तोटा भरून निघेपर्यंत निधीच्या चालकांना मोबदला नाही, असा करार होता. त्यामुळे ग्रॅहम यांनी सुमारे पाच वर्षे गुंतवणूकदारांसाठी मोबदल्याविना काम केले. १९३५ च्या अखेरीस तोटा भरून निघाला. आईने १९०७ मध्ये जी चूक केली, तिच्यासारखीच चूक मुलाच्या हातून १९२९ मध्ये घडली, आणि याच जखमेतून त्यांचा मोठा ग्रंथ निर्माण झाला.

१९३४ साली डेव्हिड डॉड यांच्यासह त्यांनी लिहिलेला ‘सिक्युरिटी अ‍ॅनालिसिस’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील एक विचार वरकरणी अगदी साधा आहे. शेअरच्या किमतीला केवळ चालू वर्षाच्या नफ्याने भागू नये. निदान पाच, आणि शक्यतो सात ते दहा वर्षांच्या नफ्याची सरासरी काढून तिने भागावे. तेजी आणि मंदी दोन्ही त्या सरासरीत येतात आणि परस्परांना तोलतात. अशा सरासरीच्या सुमारे १६ पटींहून अधिक किंमत देणे ही गुंतवणूक नव्हे, सट्टा होय, अशी मर्यादाही त्यांनी आखून दिली.

पुढे या विचाराला चलनवाढीची जोड मिळाली. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉन कॅम्पबेल आणि रॉबर्ट शिलर यांनी १९८८ मध्ये ग्रॅहम यांचेच सूत्र घेऊन, प्रत्येक वर्षाचा नफा आधी आजच्या पैशांत बदलावा आणि मगच सरासरी काढावी, अशी पद्धत रूढ केली. दहा वर्षांपूर्वी शेअरमागे १० रुपये नफा झाला असेल आणि तेव्हापासून महागाई दुप्पट झाली असेल, तर तो नफा आज २० रुपये धरावा लागतो. तसे न केल्यास जुनी वर्षे विनाकारण क्षीण दिसतात आणि सरासरी खाली ओढली जाते. शिलर यांना २०१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

तेल कंपनीला हे माप लावले की चित्र कसे पालटते, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. तेजीच्या वर्षी एका कंपनीला शेअरमागे ४० रुपये नफा झाला आणि शेअरचा भाव ४०० रुपये आहे. म्हणजे किंमत नफ्याच्या १० पट. शेअर स्वस्त वाटतो. तिच्या दहा वर्षांच्या, महागाई लक्षात घेऊन काढलेल्या नफ्याची सरासरी १६ रुपये असेल, तर तीच किंमत २५ पट ठरते. उलट मंदीच्या वर्षी नफा ४ रुपयांवर आला आणि भाव १६० वर उतरला, तर चालू नफ्याच्या हिशेबाने शेअर ४० पट, म्हणजे अतिमहाग दिसतो. सरासरीच्या हिशेबाने मात्र तो अवघा १० पट असतो. एका वर्षाचे माप महागाला स्वस्त म्हणते आणि स्वस्ताला महाग. जुलै २००८ मध्ये पिंपाला १४७ डॉलरपर्यंत चढलेले कच्चे तेल त्याच डिसेंबरात ४० डॉलरच्याही खाली आले होते, हे आठवले की ही शक्यता केवळ कागदावरची राहत नाही.

ही पद्धत म्हणजे भविष्यवाणी नव्हे. विहिरीतील तेल आणि खाणीतील खनिज उपसले की संपते. साठा आटत असेल, तर मागील दहा वर्षे पुढील दहा वर्षांची हमी देत नाहीत. बोनस शेअर दिले गेले असतील, तर जुन्या वर्षांचा प्रतिशेअर नफा नव्या संख्येनुसार पुन्हा मांडावा लागतो. भारतातील सरकारी तेल उत्पादक कंपन्यांनी अनेक वर्षे इंधनाच्या अनुदानाचा वाटा उचलला. तो भार पुढे राहणार की नाही, हेही पाहावे लागते. सरासरी ही ज्या व्यवसायाची आहे तो व्यवसाय आजही तसाच उभा असला पाहिजे, हे ग्रॅहम यांना पक्के ठाऊक होते.

१९४९ मध्ये सामान्य वाचकांसाठी त्यांचे ‘द इंटेलिजंट इन्व्हेस्टर’ हे पुस्तक आले. त्याआधी वर्षभर त्यांच्या भागीदारीने गायको या विमा कंपनीचा निम्मा हिस्सा घेतला होता. त्या एकाच व्यवहाराचा लाभ पुढे उरलेल्या सर्व व्यवहारांच्या एकत्रित लाभाहून मोठा ठरला. हिशेबाच्या शिस्तीइतकाच योगायोगही आयुष्य घडवतो, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. वॉरन बफे हे त्यांचे विद्यार्थी आणि काही काळ सहकारी. १९५४ मध्ये सैन्यात असलेल्या आणखी एका मुलाने फ्रान्समध्ये आत्महत्या केली. दोन वर्षांनी ग्रॅहम यांनी व्यवसायातून निवृत्ती घेतली. उत्तरायुष्यात त्यांनी उरुग्वेचे लेखक मारिओ बेनेदेत्ती यांच्या स्पॅनिश कादंबरीचा इंग्रजी अनुवाद केला. १९७३ च्या तेलसंकटात कच्च्या तेलाच्या किमती काही महिन्यांत सुमारे चौपट झाल्या, तेही त्यांनी पाहिले. २१ सप्टेंबर १९७६ रोजी फ्रान्समधील एक्स-आं-प्रोव्हान्स येथे त्यांचे निधन झाले.

भरवेलीच्या खाणीत आजही मँगनीज निघते आणि त्याचा भाव दूरदेशीच्या भट्ट्या ठरवतात. भाव चढला की शेअर स्वस्त असल्याचे सांगणारे भेटतात आणि उतरला की कंपनी संपल्याचे सांगणारेही. १९०७ साली न्यूयॉर्कमधील त्या विधवेजवळ मागील दहा वर्षांचे हिशेब मांडून दाखवणारे कोणी नव्हते. तिच्या मुलाने पुढे तो हिशेब लिहून ठेवला. पदरची पुंजी घेऊन बाजारात उतरणाऱ्या कोणाही सामान्य माणसाला तो आज मांडता येतो, आणि त्यासाठी लागतात फक्त जुने वार्षिक अहवाल, महागाईचा निर्देशांक आणि एका संध्याकाळचा वेळ.