रेजिनाल्ड इनिस पोकॉक

रेजिनाल्ड इनिस पोकॉक (जन्म : ४ मार्च १८६३; मृत्यू : ९ ऑगस्ट १९४७) हे ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ होते. त्यांचा जन्म इंग्लंडमधील क्लिफ्टन येथे झाला. १८८५ मध्ये ते लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात साहाय्यक झाले. पुढे कोळी, विंचू व गोम यांच्या संग्रहाचे काम त्यांच्याकडे आले.

मोठ्या केसाळ कोळ्यांचे बाह्यरूप बरेचसे सारखे असल्याने त्यांच्या प्रजाती वेगळ्या करणे कठीण जाते. पोकॉक यांनी जबड्यांजवळील घर्षणाने ध्वनी उत्पन्न करणाऱ्या अवयवांची रचना अभ्यासून ती वर्गीकरणाचे महत्त्वाचे लक्षण मानली. १८९९ मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी 'थ्रिग्मोपीयस' व 'प्लेसिओफ्रिक्टस' या भारतीय कोळ्यांच्या नव्या प्रजाती वर्णिल्या. १९०० मध्ये 'फौना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालेतील त्यांचा अष्टपादांवरील खंड प्रसिद्ध झाला.

१९०४ ते १९२३ या काळात ते लंडन प्राणिसंग्रहालयाचे अधीक्षक होते. १९११ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. कोल्हापूर येथे जन्मलेल्या बिबट्या व सिंहीण यांच्या संकराची माहिती त्यांनी १९१२ मध्ये प्रसिद्ध केली. निवृत्तीनंतर त्यांनी संग्रहालयात विनावेतन संशोधन केले. त्याच काळात, १९३९ व १९४१ मध्ये, भारतीय सस्तन प्राण्यांवरील त्यांचे दोन खंड प्रकाशित झाले.