जोसेफ हॅन्सम

जोसेफ अलॉयशियस हॅन्सम (जन्म : यॉर्क, इंग्लंड, २६ ऑक्टोबर १८०३, मृत्यू : लंडन, २९ जून १८८२) हे एकोणिसाव्या शतकातील इंग्लिश वास्तुविशारद होते. बर्मिंगहॅमचे नगरभवन आणि इंग्लंडमधील अनेक रोमन कॅथलिक चर्चवास्तू ही त्यांची मुख्य कामगिरी होय. त्यांचे नाव मात्र 'हॅन्सम कॅब' या दोन चाकी भाडोत्री घोडागाडीमुळे जगभर पोहोचले. या गाडीच्या पेटंटपासून त्यांना जवळजवळ काहीच आर्थिक लाभ झाला नाही. तिचे पुढे प्रसिद्ध झालेले रूप, म्हणजे पाठीमागे उंचावर बसलेला चालक आणि छपरावरून नेलेले लगाम, हेही त्यांच्या मूळ आराखड्यातील नव्हते.

प्रारंभिक जीवन

हॅन्सम यांचा जन्म एका रोमन कॅथलिक कुटुंबात झाला. त्यांचे वडील हेन्री हे सुतारकाम करीत. जोसेफ यांनी प्रथम वडिलांच्याच हाताखाली उमेदवारी केली. त्यांचा चित्रकलेकडे व आराखड्यांकडे असलेला कल पाहून त्यांना यॉर्कमधील मॅथ्यू फिलिप्स या वास्तुविशारदाकडे पाठवण्यात आले. त्यानंतर त्यांनी हॅलिफॅक्स येथे जॉन ओट्स यांचे साहाय्यक म्हणून काम केले. १८२५ मध्ये त्यांचा विवाह हॅना ग्लोव्हर यांच्याशी झाला. १८२८ मध्ये त्यांनी एडवर्ड वेल्श यांच्याशी भागीदारी केली. या दोघांनी उत्तर इंग्लंड, वेल्स आणि आइल ऑफ मॅन येथे अनेक इमारती उभारल्या. वेल्समधील बोमॅरिसचा तुरुंग ही त्यांपैकी एक होय.

बर्मिंगहॅम नगरभवन आणि दिवाळखोरी

१८३१ मध्ये बर्मिंगहॅमच्या नगरभवनासाठी स्पर्धा घेण्यात आली व तीत हॅन्सम आणि वेल्श यांचा आराखडा निवडला गेला. प्राचीन रोममधील कॅस्टर व पोलक्स यांच्या मंदिराच्या धर्तीवर, चोहोबाजूंनी उंच स्तंभ असलेली ही वास्तू कल्पिलेली होती. तिच्या दर्शनी भागासाठी वेल्समधील अँगल्सी बेटावरून दगड आणण्यात आला. काम मिळवताना धरलेला खर्चाचा अंदाज फार कमी होता. शिवाय ठेकेदारांच्या वतीने दोन्ही वास्तुविशारद स्वतः जामीन राहिले होते. खर्च वाढत गेला तसा हा बोजा त्यांच्यावर आला आणि १८३४ मध्ये दोघांचेही दिवाळे निघाले. त्याच वर्षी नगरभवन संगीत महोत्सवासाठी खुले झाले. पुढे १८४६ मध्ये मेंडेल्सझोन यांच्या 'एलायजा' या रचनेचा पहिला प्रयोग याच सभागृहात झाला. वास्तूचे राहिलेले काम इतरांच्या देखरेखीखाली पूर्ण झाले.

सुरक्षित गाडीचे पेटंट

दिवाळखोरीनंतर हॅन्सम लेस्टरशायरमधील हिंक्ली येथे गेले. तेथे डेम्प्स्टर हेमिंग या धनिकाच्या मालमत्तेची व्यवस्था ते पाहू लागले. हेमिंग यांच्याच प्रोत्साहनाने त्यांनी २३ डिसेंबर १८३४ रोजी एका सुरक्षित घोडागाडीचे पेटंट घेतले. तत्कालीन हलक्या दोन चाकी गाड्या वेगवान असत, पण वळणावर त्या कलंडत आणि घोडा अडखळला की प्रवाशांसह पुढे कोसळत. यावर उपाय म्हणून हॅन्सम यांनी चाके मोठी केली आणि गाडीचा साटा जमिनीलगत ठेवला. त्यामुळे गाडीचा गुरुत्वमध्य खाली आला. चाके सुमारे साडेसात फूट व्यासाची होती. १८३५ मध्ये हिंक्लीच्या रस्त्यावर या गाडीची चाचणी घेण्यात आली.

या पेटंटचे हक्क एका कंपनीने १०,००० पौंडांना विकत घेण्याचे ठरवले, परंतु ती रक्कम हॅन्सम यांना कधीच मिळाली नाही. १८३९ मध्ये अडचणीत सापडलेल्या त्याच कंपनीचा कारभार त्यांनी काही काळ सांभाळून मार्गी लावला. त्याबद्दल त्यांना ३०० पौंड देण्यात आले. या गाडीपायी त्यांच्या हाती आलेली एवढीच रक्कम होय.

चालकाची बैठक आणि लगामांची मांडणी

मूळ गाडी फार अवजड होती. तिच्यात महत्त्वाची सुधारणा जॉन चॅपमन (१८०१–१८५४) यांनी केली. लेस विणण्याच्या यंत्रांच्या व्यवसायात बुडालेले चॅपमन लंडनला येऊन या गाडीच्या उद्योगात शिरले होते. १८३६ च्या नव्या पेटंटनुसार चालकाची बैठक साट्याच्या मागे उंचावर नेण्यात आली. चालकाच्या वजनाने गाडीचा तोल दोन चाकांवर साधला गेला आणि दांड्यांमधून घोड्याच्या पाठीवर येणारा भार कमी झाला. प्रवाशांनाही समोरचे दृश्य मोकळे मिळाले.

या बदलाने लगामांचा प्रश्न उभा केला. टांग्यात किंवा व्हिक्टोरियात चालक पुढे बसतो, त्यामुळे लगाम थेट त्याच्या हाती येतात. येथे घोडा आणि चालक यांच्यामध्ये प्रवाशांची संपूर्ण बैठक होती. म्हणून लगाम छपरावरून नेऊन छपराच्या पुढच्या कडेवरील धातूच्या आधारातून ओवले जात. लांब वाद्या सैल पडून प्रवाशांच्या तोंडासमोर लोंबू नयेत, दोन्ही वाद्या एकमेकींत अडकू नयेत आणि हाताची हलकी ओढही घोड्याच्या तोंडापर्यंत पोहोचावी, ही कामे हा साधा आधार करीत असे. चालक व प्रवासी यांचे बोलणे छपरातील एका लहान झडपेतून होई आणि भाडेही तेथूनच दिले जाई. पुढील दुपाखी दार चालक आपल्या जागेवरून दांडीने उघडू शके. त्यामुळे भाडे हाती पडेपर्यंत प्रवाशाला रोखून धरणे त्याला शक्य होते.

इतके बदल होऊनही गाडीला हॅन्सम यांचेच नाव राहिले. चॅपमन पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक झाले आणि त्या कामासाठी १८४५ मध्ये मुंबईला आले. याच कंपनीची गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्यास धावली.

'द बिल्डर' नियतकालिक

१८४२ च्या अखेरीस हॅन्सम यांनी बांधकाम व्यवसायाला वाहिलेले 'द बिल्डर' हे नियतकालिक सुरू केले. भांडवलाअभावी अल्पावधीतच त्यांना ते सोडावे लागले व मोबदलाही किरकोळच मिळाला. १८४४ पासून जॉर्ज गॉडविन यांच्या संपादकत्वाखाली हे नियतकालिक ब्रिटनमधील वास्तुव्यवसायाचे प्रमुख पत्र बनले. १९६६ मध्ये त्याचे नाव 'बिल्डिंग' असे झाले.

चर्चवास्तू

१८२९ च्या कायद्याने ब्रिटनमधील कॅथलिकांवरील बहुतेक निर्बंध उठले. १८५० मध्ये इंग्लंडात कॅथलिक धर्मप्रांतांची पुनर्रचना झाली आणि नव्या चर्चवास्तूंची मागणी वाढली. हॅन्सम यांच्या उत्तरायुष्यातील बहुतेक काम याच क्षेत्रातील आहे. बंधू चार्ल्स, पुत्र हेन्री जॉन, एडवर्ड वेल्बी प्यूजिन आणि अखेरीस पुत्र जोसेफ स्टॅनिस्लॉस यांच्याशी त्यांनी निरनिराळ्या काळी भागीदारी केली.

प्रेस्टन येथील सेंट वॉलबर्ग चर्चचा (१८५०–५४) ३०९ फूट उंचीचा मनोरा इंग्लंडमधील पॅरिश चर्चच्या मनोऱ्यांत सर्वांत उंच मानला जातो. प्लिमथचे कॅथीड्रल १८५८ मध्ये उघडले. जेझुइट पंथीयांसाठी बांधलेले मँचेस्टरचे होली नेम चर्च (१८६९–७१) हेही त्यांच्या प्रमुख वास्तूंपैकी एक आहे. नॉरफोकच्या ड्यूकसाठी त्यांनी अरुंडेल येथे फ्रेंच गॉथिक शैलीत उभारलेले चर्च १८७३ मध्ये पूर्ण झाले. १९६५ मध्ये त्याला कॅथीड्रलचा दर्जा मिळाला.

अखेरचा काळ आणि वारसा

१८७९ च्या अखेरीस हॅन्सम व्यवसायातून निवृत्त झाले. लंडनच्या फुलम भागात त्यांचे निधन झाले आणि तेथीलच सेंट थॉमस चर्चच्या आवारात त्यांचे दफन करण्यात आले.

त्यांच्या नावाची गाडी तोवर लंडनच्या रस्त्यांवर हजारोंच्या संख्येने धावत होती आणि युरोपातील अन्य शहरांत, तसेच न्यूयॉर्क व सिडनीपर्यंत पोहोचली होती. एकच घोडा, हलके वजन आणि अरुंद जागेत वळण्याची सोय यांमुळे ती गर्दीच्या शहरांना मानवली. शेरलॉक होम्सच्या कथांमुळे ती मराठी वाचकांनाही परिचित आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मीटर लावलेल्या मोटारगाड्या आल्या आणि हॅन्सम गाड्या झपाट्याने मागे पडल्या. १९२७ मध्ये लंडनमध्ये अशा अवघ्या १२ गाड्या परवानाधारक होत्या. घोडा जुंपलेल्या भाडोत्री गाडीचा तेथील अखेरचा परवाना १९४७ मध्ये परत करण्यात आला.