मधुमेह्यांचे सांगाती डॉ. लॉरेन्स

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर अ‍ॅबर्डीन नावाचे शहर आहे. तेथील एका सधन कुटुंबात १८ नोव्हेंबर १८९२ रोजी रॉबर्ट डॅनियल ऊर्फ रॉबिन लॉरेन्स यांचा जन्म झाला. वडिलांचा ब्रश तयार करण्याचा कारखाना होता. रॉबिन यांनी विद्यापीठात प्रथम इंग्रजी व फ्रेंच या भाषांचा अभ्यास केला व पदवी मिळवली. पुढे लंडनमध्ये काकांच्या कापडाच्या व्यवसायात त्यांना धाडण्यात आले. परंतु तेथे त्यांचे मन काही आठवड्यांतच उबगले. ते अ‍ॅबर्डीनला परतले आणि वैद्यकशास्त्राकडे वळले. या विषयात मात्र त्यांची बुद्धी खुलली. १९१६ साली ते सन्मानपूर्वक डॉक्टर झाले. तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते. लॉरेन्स सैन्याच्या वैद्यकीय पथकात दाखल झाले आणि त्यांची नेमणूक झाली ती थेट हिंदुस्थानच्या तत्कालीन सरहद्दीवर. तेथे आमांशाने त्यांना गाठले. १९१९ साली सैन्यातून मुक्त होऊन ते मायदेशी परतले.

लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात त्यांनी शस्त्रक्रियेचे शिक्षण आरंभले. कान, नाक व घसा यांचे निष्णात शस्त्रवैद्य होण्याची त्यांची महत्त्वाकांक्षा होती. एके दिवशी शवावर शस्त्रक्रियेचा सराव करीत असता हाडाची एक बारीक कपची उडून त्यांच्या डोळ्यात शिरली. डोळा चिघळला. उपचारासाठी तपासणी झाली, तेव्हा त्यांच्या लघवीत साखर आढळली. त्यांना मधुमेह झाला होता.

मधुमेह म्हणजे काय, हे येथे थोडक्यात पाहिले पाहिजे. आपण जे अन्न खातो, त्यातील पिठूळ व गोड पदार्थांची शरीरात साखर होते आणि ती रक्तावाटे सर्वत्र पोहोचते. तिचा उपयोग करून घेण्यासाठी स्वादुपिंडातून एक रस रक्तात मिसळावा लागतो. त्यालाच इन्शुलिन म्हणतात. हा रस पुरेसा मिळेनासा झाला की, रक्तात साखर साचते आणि शरीर मात्र उपाशी राहते. लॉरेन्स यांना जडलेल्या तीव्र प्रकारच्या मधुमेहावर त्या काळी औषध नव्हते. रोग्याला जवळजवळ उपाशी ठेवून त्याचे आयुष्य काही महिन्यांनी वा वर्षांनी लांबवणे, एवढेच डॉक्टरांच्या हाती होते. लॉरेन्स यांना फार तर चार वर्षांचे आयुष्य उरले आहे, असे सांगण्यात आले. त्यांनी नुकती तिशीही गाठली नव्हती.

शस्त्रक्रियेचा मार्ग आता बंद झाला. ते रुग्णालयाच्या रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. हॅरिसन यांच्या हाताखाली काम करू लागले. पुढे आपले मरण घरच्या माणसांना डोळ्यांदेखत पाहावे लागू नये, या विचाराने ते इटलीतील फ्लॉरेन्स शहरी गेले व तेथे त्यांनी दवाखाना उघडला. १९२२ च्या अखेरीस हिवाळ्यात त्यांना खोकल्याच्या विकाराने घेरले आणि मधुमेहही बळावला.

परंतु याच सुमारास अटलांटिक महासागरापलीकडे, कॅनडातील टोराँटो शहरात, एक अद्भुत गोष्ट घडली होती. फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी १९२१ साली प्राण्यांच्या स्वादुपिंडातून इन्शुलिन वेगळे काढले होते. जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथम एका मरणोन्मुख मुलाला टोचण्यात आले. पुढील वर्षी ते लंडनलाही पोहोचले. डॉ. हॅरिसन यांना आपल्या जुन्या सहकाऱ्याची आठवण झाली. इन्शुलिन मिळाले आहे, ते गुणकारी आहे, तरी त्वरित निघून यावे, अशा अर्थाची तार त्यांनी फ्लॉरेन्सला धाडली.

लॉरेन्स यांच्या अंगी चालण्याचेही त्राण उरले नव्हते. तरीही ते मोटारीने निघाले आणि अर्धा युरोप ओलांडून मे महिन्याच्या अखेरीस लंडनला येऊन पोहोचले. ३१ मे १९२३ या दिवशी त्यांच्या शरीरात इन्शुलिनचा पहिला थेंब गेला. थोड्याच दिवसांत त्यांना तरतरी वाटू लागली.

आणखी कोणी असता, तर जीव वाचला यातच समाधान मानून स्वस्थ बसला असता. लॉरेन्स यांना मात्र एक गोष्ट उमगली. इन्शुलिन हे एकदा घेऊन रोग पळवून लावणारे औषध नव्हे. ते रोज, जन्मभर घ्यावे लागते. ते कमी पडले तर साखर वाढते. अधिक झाले तर साखर एकदम उतरून घाम सुटतो, हातपाय कापू लागतात, शुद्धही हरपते. मग रोजच्या जेवणाचा आणि औषधाचा मेळ कोणी घालावयाचा? डॉक्टर काही प्रत्येक जेवणाच्या वेळी रोग्याच्या पानाशी बसू शकत नाही. तेव्हा रोग्यालाच ही विद्या शिकवली पाहिजे, असे त्यांनी ठरवले. आज ही गोष्ट कोणालाही पटेल. त्या काळी रोग्याने प्रश्न न विचारता आज्ञा पाळावी, हीच रीत होती.

१९२५ साली त्यांनी मधुमेह्याच्या जीवनक्रमावर एक पुस्तक लिहिले. ते डॉक्टरांसाठी होते, तसेच रोग्यांसाठीही होते. पुढे त्याची अनेक भाषांत भाषांतरे झाली. आहाराचे गणित सोपे व्हावे, म्हणून त्यांनी काळ्या व तांबड्या रंगांचे एक कोष्टक तयार केले. पिठूळ पदार्थांचे भाग काळ्या रंगात आणि अंडी, मांस, चीज यांसारख्या पदार्थांचे भाग तांबड्या रंगात दाखवलेले असत. काळ्या रंगातील एका भागात दहा ग्रॅम पिष्ट असे. त्यामुळे एक पदार्थ सोडून त्याच मापाचा दुसरा घेता येई. आपल्याकडील ताटाचे उदाहरण घेतले, तर ज्वारीच्या अर्ध्या भाकरीऐवजी किती भात चालेल, हे ज्याचे त्याला ठरवता यावे, अशी ही युक्ती होती.

तथापि पुस्तक विकत घेणे सर्वांना कोठे परवडत होते? गरीब रोग्यांना इन्शुलिनचाही खर्च झेपत नसे. कित्येक जण नोकरी जाईल या भीतीने आपला आजार लपवून ठेवीत आणि एकाकी कुढत राहत. या सर्वांना एकत्र आणणारी संस्था हवी, असे लॉरेन्स यांना वाटू लागले. परग्रहावरील जीवांच्या व भविष्यकाळातील यंत्रांच्या कथा लिहिणारे विख्यात लेखक एच. जी. वेल्स हे त्यांचे रुग्ण होते. वेल्स यांनी 'टाइम्स' या वृत्तपत्रातून जनतेला आवाहन केले आणि १९३४ साली मधुमेही संघाची स्थापना झाली. या संघात रोगी व डॉक्टर शेजारी शेजारी बसत. श्रीमंत असो वा गरीब, प्रत्येक मधुमेह्याला उपचार व माहिती मिळावी, हा संघाचा हेतू होता. दुसऱ्याच वर्षी संघाने आपले नियतकालिक काढले. मधुमेही मुलांसाठी सुटीतील शिबिरेही भरू लागली. तेथे मुले खेळत, पोहत आणि स्वतःच्या हाताने सुई टोचून घेण्यास शिकत. आपल्यासारखी आणखी मुले आहेत, हे त्यांतील कित्येकांना तेथेच प्रथम कळले असेल.

या कार्याचा वेलू पुढे दूरवर गेला. १९५० साली निरनिराळ्या देशांतील अशा संघांचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला व लॉरेन्स त्याचे पहिले अध्यक्ष झाले. भारतातही मुंबईचे डॉ. आजगावकर यांच्या पुढाकाराने १९५५ साली मधुमेही संघ उभा राहिला. महासंघाचे अधिवेशन १९७६ साली नवी दिल्ली येथे भरले. परंतु ते पाहण्यास लॉरेन्स हयात नव्हते.

अशा संघांनी गावोगाव पोहोचवलेली विद्या किती उपयोगी पडते, हे समजण्यास मोठ्या शहरात जाण्याची गरज नाही. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या कुशीत, धडगाव व अक्कलकुवा या भागांत डोंगरउतारावर दूर दूर विखुरलेले पाडे आहेत. तेथून मोठा दवाखाना गाठण्यास बराच वेळ लागतो. अशा ठिकाणी दोन भेटींच्या मधल्या काळात मधुमेह्याचा डॉक्टर तो स्वतःच असतो. इन्शुलिन उन्हाने निकामी होते आणि गोठले तरीही निकामी होते. घरात शीतकपाट नसेल, तर मोठ्या मडक्यात लहान मडके ठेवून, मधल्या जागेत ओली वाळू भरून, त्या गारव्यात कुपी ठेवता येते. साखर उतरल्याची लक्षणे दिसताच गुळाचा खडा वा साखर तोंडात टाकावी, हे घरातील पोरालाही ठाऊक असले, तर मोठा अनर्थ टळतो.

लॉरेन्स यांनी स्वतःवर हीच शिस्त अखेरपर्यंत पाळली.  त्यांनी विवाह केला. त्यांना तीन मुलगे झाले. किंग्ज कॉलेज रुग्णालयातील त्यांच्या मधुमेह विभागात दूरदूरचे रोगी येत. चार वर्षांची मुदत मिळालेले डॉ. लॉरेन्स इन्शुलिनच्या पहिल्या थेंबानंतर पंचेचाळीस वर्षे जगले. २७ ऑगस्ट १९६८ रोजी वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी लंडन येथे त्यांचे निधन झाले.