धुक्याला सोबती करणारे ब्रासाई

रात्रीचा दिवा आणि त्याच्या भोवतालचा अंधार एकाच छायाचित्रात आणणे हे छायाचित्रकलेचे जुने दुखणे आहे. दिव्याचा आकार नीट उमटावा म्हणून प्रकाश थोडाच घेतला, तर रस्ता, झाडे, भिंती साऱ्या काळोखात बुडतात. भिंती दिसाव्यात म्हणून कॅमेऱ्याचे भिंग जास्त वेळ उघडे ठेवले, तर दिव्याच्या जागी पांढरा डाग उरतो आणि तो आजूबाजूचे सर्व गिळून टाकतो. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात पॅरिसच्या रस्त्यांवर एका परदेशी, गरीब आणि बऱ्याच उशिरा कॅमेरा हाती घेतलेल्या माणसाने या दुखण्यावर उतारा शोधला. तो उतारा महागड्या यंत्रात नव्हता. तो होता धुक्यात, पावसात आणि दिवा कशाच्या आड ठेवावा या जाणिवेत. त्या माणसाला जग ब्रासाई या नावाने ओळखते.

हे त्यांचे जन्मनाव नव्हे. द्युला हालास यांचा जन्म ९ सप्टेंबर १८९९ रोजी ट्रान्सिल्व्हेनियातील ब्राशो या गावी झाला. तेव्हा हे गाव ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. पहिल्या महायुद्धानंतर सीमा बदलल्या आणि हंगेरियन भाषा बोलणाऱ्या या कुटुंबाचे गाव रुमानियात गेले. आज ते ब्राशोव्ह म्हणून ओळखले जाते. वडील फ्रेंच साहित्याचे अध्यापक होते. द्युला अगदी लहान असताना वडिलांच्या अध्ययनानिमित्त कुटुंबाने पॅरिसमध्ये सुमारे वर्षभर मुक्काम केला होता. पुढे वीस वर्षांनी हा मुलगा त्याच शहरात परतला आणि तेथलाच झाला. मात्र छायाचित्रांवर नाव घालण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी आपल्या गावाचेच नाव घेतले. ब्रासाई म्हणजे ब्राशोचा माणूस.

तरुणपणी त्यांना चित्रकार व्हायचे होते. बुडापेस्टच्या कला अकादमीत त्यांनी शिक्षण घेतले, महायुद्धात घोडदळात काम केले आणि नंतर बर्लिन गाठले. तेथे चित्रकलेचे पुढचे धडे घेत असताना हंगेरियन वृत्तपत्रांसाठी लिहिणे हे उपजीविकेचे साधन झाले. १९२४ मध्ये ते पॅरिसला आले. फ्रेंच भाषा अंगवळणी पडावी म्हणून त्यांनी मार्सेल प्रूस्त यांच्या कादंबऱ्या वाचायला घेतल्या. मोंपारनास भागात स्वस्त हॉटेलातील खोलीत राहायचे, दिवसा झोपायचे आणि रात्री शहर पायी पालथे घालायचे, असा त्यांचा दिनक्रम जडला. लेखक आणि चित्रकार मित्रांची संगत मोठी होती, खिसा मात्र रिकामा होता.

विशेष म्हणजे या काळात छायाचित्रणाबद्दल त्यांना फारसा आदर नव्हता. चित्रकाराच्या दृष्टीने ते यंत्राचे काम होते. पण वर्तमानपत्रातील लेखांसोबत छायाचित्रे लागत. पॅरिसमध्ये त्यांच्याच भाषेचा एक छायाचित्रकार होता, आंद्रे केर्तेस. केर्तेस यांच्या सहवासात त्यांनी रात्रीही छायाचित्र निघू शकते हे प्रत्यक्ष पाहिले. रोज रात्री डोळ्यांना जे दिसते आणि पहाटे विरून जाते, ते धरून ठेवण्याचे साधन आपल्या हाताशी आहे, हे तेव्हा त्यांच्या ध्यानी आले. तिशीच्या उंबरठ्यावर त्यांनी कॅमेरा हाती घेतला. साडेसहा बाय नऊ सेंटिमीटरच्या काचा वापरणारा, घडी घालता येणारा फोइग्टलेंडर बेर्गहाइल हा तो कॅमेरा. सोबत लाकडी तिपाई. हॉटेलच्या खोलीतच काचा धुवायची आणि छापण्याची सोय केली. आपली छायाचित्रे ते स्वतः छापत, कारण काळ्या रंगाची खोली दुसऱ्याच्या हाती सोपवण्याजोगी नाही, असे त्यांना वाटे.

त्या काळच्या काचेच्या प्लेटा प्रकाशाला फार सावकाश प्रतिसाद देत. रात्रीचा रस्ता उमटण्यासाठी शटर काही मिनिटे उघडे ठेवावे लागे. घड्याळाऐवजी ब्रासाई सिगारेट पेटवत. अमुक उजेड असेल तर एक गोलुआझ संपेपर्यंत थांबायचे. अंधार अधिक असेल तर जाडजूड बोयार ओढायची. हा हिशेब गमतीचा वाटतो, पण त्यामागे शेकडो रात्रींचा सराव होता. प्रकाशमापक यंत्राला अशा उजेडात फारसे काही कळत नसे. अनुभवी डोळ्याला कळे. पहाटे तीन वाजता कालव्याच्या काठी तिपाई लावून निश्चल उभ्या असलेल्या माणसाकडे पोलीस संशयाने पाहत. आपण खरोखर छायाचित्रेच काढतो, हे पटवून देण्यासाठी ते आधीचे काही छाप जवळ बाळगत.

उघड्या दिव्याचा प्रश्न मात्र सरावाने सुटणारा नव्हता. दिव्याचा झोत प्लेटवरील रासायनिक थर भेदून काचेत शिरतो, काचेच्या मागच्या पृष्ठभागावरून परततो आणि थराला मागून पुन्हा उजळवतो. त्यामुळे दिव्याभोवती एक खोटे वलय उमटते. प्लेटच्या पाठीला गडद लेप देऊन हा दोष कमी करता येई, पण समूळ जात नसे. शिवाय दिवा आणि सावली यांच्यातील तफावत इतकी मोठी, की कोणतीही प्लेट दोन्ही टोके सामावून घेऊ शकत नसे. ब्रासाई यांच्या आधीही काहींनी ही झुंज दिली होती. लंडनमध्ये पॉल मार्टिन यांनी आणि न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड स्टीग्लिट्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रात्रीच्या रस्त्यांची छायाचित्रे काढली होती. ओल्या रस्त्यावर दिव्यांचे प्रतिबिंब पडते आणि अंधाराला आकार येतो, हे तेव्हाच दिसून आले होते. ब्रासाई यांनी ही समज एका संपूर्ण शहरावर, वर्षानुवर्षे, नेटाने चालवली.

त्यांना कळलेली पहिली गोष्ट ही की दिवा दाखवण्यासाठी दिवा दिसायलाच हवा असे नाही. ते तिपाई अशा ठिकाणी लावत, की झाडाचा बुंधा, पुलाचा खांब किंवा भिंतीचा कोपरा नेमका दिव्याच्या आड येईल. मग दिवा लपतो, पण त्याचा उजेड भिंतीवर, फांद्यांवर, फरसबंदीवर पसरलेला दिसतो. पाहणाऱ्याला दिवा आहे हे कळते आणि प्लेटवर डागही पडत नाही. दुसरी गोष्ट ही की धुके आणि पाऊस हे रात्रीच्या छायाचित्रकाराचे शत्रू नाहीत, सोबती आहेत.

धुके म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब. प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने हे थेंब बरेच मोठे असतात. म्हणून ते सर्व रंगांचा प्रकाश जवळजवळ सारखाच विखुरतात आणि धुके पांढरट दिसते. या विखुरण्याने दोन गोष्टी घडतात. दिव्याकडून थेट भिंगाकडे येणारा झोत दुबळा होतो, आणि तोच प्रकाश चहूबाजूंना पसरून ज्या सावल्या एरवी ठार काळ्या राहिल्या असत्या त्यांत थोडा थोडा शिरतो. दिवा आणि अंधार यांच्यातील तफावत कमी होते. जे काम कोणतीही प्लेट करू शकत नव्हती, ते सेन नदीवरून उठलेले धुके आपोआप करी. शिवाय धुक्यात प्रकाशाला जणू शरीर येते. झाडामागच्या दिव्याचे किरण फांद्यांच्या मधून वेगवेगळे दिसू लागतात. मोटारीच्या दिव्यांचा झोत रस्त्यावर उभा राहिल्यासारखा वाटतो. हिवाळ्यात धुके दाटले की ब्रासाई घराबाहेर पडत, ते यासाठी.

१९३२ मध्ये त्यांनी मोंपारनासजवळच्या ऑब्झर्व्हातवार मार्गावर मार्शल ने यांच्या पुतळ्याचे छायाचित्र काढले. तलवार उगारलेल्या या नेपोलियनच्या सेनानीला १८१५ मध्ये याच परिसरात गोळ्या घालून मृत्युदंड देण्यात आला होता. छायाचित्रात पुतळ्याचा चेहरा दिसत नाही; धुक्यात फक्त त्याची काळी आकृती उभी आहे आणि पलीकडे हॉटेलच्या पाटीची विजेची अक्षरे झळकत आहेत. इतिहासातला सेनापती आणि रात्रभर मुक्कामाला खोल्या देणारी पाटी, दोघेही एकाच धुक्यात. त्याच मार्गावर त्यांनी जाहिराती चिकटवण्याच्या गोल खांबाचेही छायाचित्र काढले. तेथे खांब हा काळा पडदा झाला आहे आणि त्याच्या मागून उजेड धुक्यात पसरला आहे. दोन्ही छायाचित्रांत सर्वांत प्रखर दिव्यापेक्षा त्याच्यापुढे उभी असलेली काळी वस्तू महत्त्वाची ठरली आहे.

१९३२ च्या अखेरीस ‘पारी द न्युई’, म्हणजे रात्रीचे पॅरिस, हे त्यांचे पुस्तक बाहेर पडले. त्यावर वर्ष १९३३ चे आहे. लेखक पॉल मोरां यांनी प्रस्तावना लिहिली होती. साठांहून अधिक छायाचित्रे पानाच्या कडेपर्यंत, समास न ठेवता, मखमली काळ्या शाईत छापलेली होती. दिवे पेटवणारा माणूस, ओली फरसबंदी, रिकामे जिने, पूल आणि रात्रपाळीचे कामगार त्यात आहेत. त्या वेळी पॅरिसच्या रस्त्यांवर गॅसचे जुने दिवे आणि विजेचे नवे दिवे एकत्र नांदत होते, आणि जाऊ पाहणाऱ्या त्या उजेडाची नोंद या पुस्तकात झाली. ब्रासाई यांचे नाव एका रात्रीत झाले, असे म्हणायला हरकत नाही. अमेरिकन लेखक हेन्री मिलर यांनी त्यांना पॅरिसचा डोळा म्हटले आणि ती ओळख कायमची चिकटली.

या शहराची दुसरी बाजूही त्यांनी टिपली होती. स्वस्त दारूगुत्ते, नाचघरे, कुंटणखाने, रस्त्यावरचे गुंड आणि त्यांच्या मैत्रिणी. ही माणसे चोरून टिपलेली नाहीत. ब्रासाई त्यांच्यात बसत, ओळख करून घेत आणि परवानगीने छायाचित्र काढत. बंद जागेत ते मॅग्नेशियमची भुकटी पेटवत. तिचा भडका आणि आवाज इतका मोठा असे, की पाब्लो पिकासो गमतीने त्यांना दहशतवादी म्हणत. यातील अनेक छायाचित्रे त्या काळी छापता येण्याजोगी नव्हती. त्यांचे पुस्तक निघायला १९७६ साल उजाडले.

१९४० च्या जूनमध्ये जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या आणि हल्ल्यांच्या भीतीने दिवे झाकण्यात आले. ज्या माणसाने दहा वर्षे दिव्यांचा पाठलाग केला, त्याच्या शहरात अंधार झाला. ब्रासाई आधी दक्षिणेकडे निघून गेले होते, पण मागे राहिलेल्या निगेटिव्हांच्या ओढीने परत आले. व्यवसायासाठी जर्मनांकडून परवाना घेणे त्यांनी नाकारले. परिणामी रस्त्यावर कॅमेरा लावणे आणि छायाचित्रे छापून आणणे बंद झाले. उत्पन्नही आटले. ते पुन्हा रेखाटनांकडे वळले आणि याच काळात पिकासो यांच्या कार्यशाळेत त्यांच्या शिल्पांची छायाचित्रे काढत राहिले. त्या भेटींच्या टिपणांतून पुढे १९६४ मध्ये पिकासो यांच्याशी झालेल्या संवादांचे पुस्तक तयार झाले. आपल्याला प्रिय असलेला उजेड परवान्याच्या किमतीत परत मिळवायचा नाही, हा त्यांचा निर्णय त्यांच्या कोणत्याही छायाचित्राइतकाच त्यांची ओळख सांगतो.

युद्धानंतर त्यांनी विवाह केला, १९४९ मध्ये फ्रान्सचे नागरिकत्व स्वीकारले, अमेरिकेतील नियतकालिकांसाठी काम केले, एक लघुपट केला आणि वर्षानुवर्षे टिपलेल्या भिंतींवरील कोरीव खुणांचे पुस्तक काढले. ८ जुलै १९८४ रोजी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर त्यांचे निधन झाले.

आज खिशातल्या डिजिटल कॅमेऱ्यालाही त्या काचांच्या कितीतरी पट संवेदनशीलता आहे. मागच्या काचेवरून परतणाऱ्या प्रकाशाचे ते वलय आता नाही. परंतु मूळ दुखणे तेच आहे. संवेदकाच्या प्रत्येक बिंदूत प्रकाश साठवण्याची मर्यादा असते. ती ओलांडली की तेथे कोरा पांढरा रंग उरतो आणि तेथला तपशील नंतर कोणत्याही संगणकावर परत आणता येत नाही. त्यातच धुक्याच्या रात्री कॅमेऱ्याला स्वतः ठरवू दिले, तर तो धुक्याला राखाडी करतो किंवा दिव्याला डाग. म्हणून तिपाई हवी, उजेडाचे माप दिव्याच्या जवळच्या भागावरून घ्यायला हवे, त्याच दृश्याच्या कमी-अधिक प्रकाशाच्या तीन-चार प्रती काढायला हव्यात, आणि भिंगावर जमणारे दव वरचेवर पुसायला हवे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दोन पावले बाजूला सरकून दिवा एखाद्या झाडाआड जातो का, हे पाहायला हवे. ही दोन पावले कोणतेही यंत्र आपल्यासाठी टाकत नाही.

ब्रासाई यांना मोंपारनासच्या स्मशानभूमीत चिरविश्रांती मिळाली. मार्शल ने यांचा पुतळा तेथून फार दूर नाही. हिवाळ्यातल्या एखाद्या रात्री धुके उतरले की तो अजूनही काळा होतो, आणि पलीकडचे दिवे त्याच्याभोवती पसरतात.