व्ही. सी. नाईक यशवंतराव घाडगे : परत न आलेल्या शिपायाचे पदक

वाशिष्ठी नदी समुद्रास मिळते त्या मुखाशी, गोपाळगडाच्या पायथ्याला आमचे अंजनवेल वसलेले आहे. पलीकडच्या तीरावर दाभोळ. प्रस्तुत लेखकाच्या बालपणी मुंबईची बोट दाभोळास लागत असे, आणि पलटणीतून रजेवर येणारा माणूस पत्र्याची ट्रंक घेऊन पडावातून उतरे. तो घराच्या पायरीशी आला की आई त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकी, पायांवर पाणी घाली, आणि मगच तो उंबरठा ओलांडी. दुसऱ्या दिवशी ग्रामदेवतेपुढे नारळ फुटे. १९७१ च्या युद्धानंतर परतलेल्यांचे असे स्वागत झालेले मी शाळकरी वयात पाहिले आहे. गावाने आपल्या शिपायाला द्यावयाचा सन्मान एवढाच होता. परंतु तो नावानिशी, ओळखीच्या माणसांच्या हातून होत असे.

आमच्या वाडीत पहिल्या महायुद्धातून परतलेले एक वृद्ध पेन्शनर होते. त्यांच्याजवळ सरकारकडून मिळालेले चांदीचे पदक होते. त्याच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण अशी अक्षरे ठोकलेली होती. आम्हा मुलांना ती इंग्रजी अक्षरे वाचता येत नसत, तरी त्यांवरून बोट फिरविण्यासाठी आम्ही भांडत असू. पुढे ते वृद्ध गेले. एका ओढगस्तीच्या वर्षी त्या चांदीचे नातवंडासाठी वाळे झाले. त्या कुटुंबास मी दोष देत नाही. चांदी ही अडीअडचणीला उपयोगी पडण्यासाठीच असते. परंतु कडेवरचे नाव सोनाराच्या मुशीत विरघळले, आणि आज वाडीतील तरुणांना त्या आजोबांची पलटण कोणती हे सांगता येत नाही.

या आठवणीमुळेच यंदाच्या स्मरणिकेसाठी मी नाईक यशवंतराव घाडगे यांचे चरित्र निवडले. आपल्या समाजाचे पुष्कळ तरुण ज्या मराठा पलटणींत भरती झाले, त्याच पलटणींतील हा वीर. नाव सर्वांना ठाऊक आहे; चरित्र मात्र फार थोड्यांना.

यशवंतरावांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी पळसगाव येथे झाला. हे गाव माणगाव तालुक्यात आहे. त्या काळी जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. आता तो रायगड जिल्हा म्हणून ओळखला जातो. आपल्यासारखेच डोंगरउताराचे, भातखाचरांचे आणि पावसाच्या भरवशावर जगणारे ते कोकण. जमीन थोडी आणि खाणारी तोंडे अधिक, म्हणून घरातील एकाने मुंबईच्या गिरणीत जावे व दुसऱ्याने पलटणीत, ही कोकणातील अनेक घरांची रीत होती. यशवंतरावांनी पलटणीची वाट धरली. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत ते नाईकाच्या हुद्द्यापर्यंत चढले. नाईक म्हणजे एका सेक्शनचा प्रमुख. दहाएक माणसांच्या जिवाची जबाबदारी त्याच्यावर असते. हा भार यशवंतरावांच्या खांद्यावर आला तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते.

दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या भूमीवर सुमारे पन्नास हजार हिंदी सैनिक लढले. जून १९४४ मध्ये रोम शहर दोस्तांच्या हाती आले आणि जर्मन फौजा उत्तरेकडे हटू लागल्या. परंतु त्या सहजासहजी मागे जात नव्हत्या. प्रत्येक डोंगरकड्यावर मशीनगन रोवून त्या वाट अडवून धरीत. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातील या डोंगरांतून दहावी हिंदी डिव्हिजन पुढे सरकत होती. वाटा इतक्या अवघड होत्या की दारूगोळा व रसद पुष्कळ ठिकाणी खेचरांच्या पाठीवरून न्यावी लागे. यशवंतरावांची पलटण याच डिव्हिजनमध्ये होती.

१० जुलै १९४४ चा तो दिवस. आपल्याकडे तेव्हा आषाढाचे दिवस होते आणि भाताची लावणी चालू असावी. तिकडे यशवंतरावांच्या कंपनीने शत्रूच्या एका बळकट ठाण्यावर हल्ला चढविला. त्यांचा सेक्शन पुढे जात असता अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला. क्षणार्धात सेक्शनमधील सर्व माणसे ठार वा जायबंदी झाली. उभे राहिले एकटे यशवंतराव.

आपल्या मदतीस आता कोणी उरलेले नाही, हे त्यांना पुरते ठाऊक होते. अशा वेळी खडकाआड थांबून मागून येणाऱ्यांची वाट पाहिली असती, तरी त्यांना कोणी नाव ठेवले नसते. यशवंतराव थांबले नाहीत. ते थेट मशीनगनवर धावून गेले. प्रथम त्यांनी हातबाँब टाकला. त्याने मशीनगन व ती चालविणारा दोन्ही निकामी झाले. नंतर टॉमीगनने त्यांनी त्या तुकडीतील आणखी एकास टिपले. गोळ्या संपल्या. दुसरे मॅगझिन चढविण्यास वेळ नव्हता. तेव्हा बंदूक नळीकडून हाती धरून त्यांनी उरलेल्या दोघांना दस्त्याच्या घावांनी लोळविले. ठाणे हाती आले. परंतु दबा धरून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत व पाठीत घुसल्या, आणि एकट्याने जिंकलेल्या त्याच ठाण्यात त्यांनी देह ठेवला.

या पराक्रमाबद्दल त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला, आणि नोव्हेंबर १९४४ मध्ये त्याची अधिकृत घोषणा झाली. त्या काळच्या साम्राज्यातील शौर्याचे हे सर्वोच्च पदक. १९११ सालापर्यंत ते हिंदी शिपायास मिळू शकत नव्हते. त्या वर्षीच्या दिल्ली दरबारापासून ते त्यांना खुले झाले. पदक साध्या काशाचे असते. धातू म्हणून त्याची किंमत फारशी नाही. आमच्या वाडीतील त्या चांदीच्या पदकाइतकीही नाही. वीर स्वतः परत आला नव्हता, म्हणून ते पदक त्यांच्या पत्नीच्या हाती देण्यात आले. ज्या घरी पदक आले, त्या घरी ओवाळावयास माणूस आला नाही. त्यांची समाधी कोठे आहे हेही कोणास ठाऊक नाही. इटलीतील कॅसिनो येथील स्मारकावर, ज्यांच्या समाध्या सापडत नाहीत अशा सैनिकांच्या यादीत, त्यांचे नाव कोरलेले आहे.

येथे दुसऱ्या एका मराठा वीराची आठवण होते. अहमदनगर जिल्ह्यातील निमज गावचे नामदेव जाधव याच रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीत होते. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतीलच सेनिओ नदीवर त्यांनी असाच अलौकिक पराक्रम केला आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. ते सुदैवाने परत आले व १९८४ पर्यंत जगले. एकाच पदकाचे हे दोन मानकरी. एकाला आपले लोक डोळ्यांनी पाहू शकले, हार घालू शकले. दुसऱ्याच्या वाट्यास केवळ स्मरण आले. म्हणून त्याचे स्मरण राखण्याचे कर्तव्य आपल्याकडे अधिक येते.

ते परक्या राज्यासाठी लढले, मग त्यांचा गौरव आपण का करावा, असे काही तरुण विचारतात. प्रश्न रास्त आहे. युद्ध पुकारणारे सरकार आपले नव्हते, हे खरे. परंतु यशवंतराव धावून गेले ते आपल्याभोवती पडलेल्या सोबत्यांसाठी आणि पलटणीच्या नावासाठी. त्या सोबत्यांत आपल्याच खेड्यापाड्यांतील मुलगे होते. ज्या पलटणीत ते लढले, ती पुढे स्वतंत्र भारताच्या पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण झाली. म्हणजे ती परंपरा आपल्याच सैन्यात चालू राहिली.

माणगावकरांनी आपला वीर विसरला नाही. तेथील तहसील कचेरीजवळ यशवंतरावांचा पुतळा उभारण्यात आला आहे. मुंबईस जाताना ज्या बांधवांना सवड असेल त्यांनी तेथे क्षणभर उतरून फूल वाहावे. याहून आश्चर्याची गोष्ट पुढे घडली. ज्या डोंगरांत यशवंतराव पडले, त्या भागात मोंतोने नावाचे एक लहानसे गाव आहे. त्या गावाने इटलीतील काही युद्धेतिहास-अभ्यासकांच्या साहाय्याने जुलै २०२३ मध्ये त्यांच्या नावाचे स्मारक उभारले. ते छायायंत्राच्या, म्हणजे सूर्याच्या सावलीवरून वेळ दाखविणाऱ्या घड्याळाच्या, रूपात आहे. एकोणऐंशी वर्षांनंतर सातासमुद्रापलीकडील एका खेड्याने, ज्याची भाषा कोणास कळली नसती अशा कोकणी शिपायाचे नाव जतन केले. मोठ्या सरकारांनी पदके दिली, हे तर झालेच. परंतु लहान गाव जेव्हा आपल्या ऐपतीप्रमाणे मान देते, तेव्हा तो मान घरच्यासारखा वाटतो.

ही रीत जगात नवी नाही. बोअर युद्धानंतर व पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया या देशांतील कित्येक लहान गावांनी वर्गणी काढून आपापल्या परतलेल्या शिपायांसाठी स्वतंत्र पदके घडविली. सरकारी पदकाहून ती निराळी असत. एका बाजूस गावाचे नाव, दुसऱ्या बाजूस त्या माणसाचे नाव कोरलेले असे आणि गावच्या सभेत ते त्याच्या छातीवर लावले जाई. आपल्याकडे त्याच पहिल्या महायुद्धानंतर सरकारने अनेक खेड्यांत संगमरवरी पाट्या बसविल्या. त्यांवर गावातून किती माणसे लढाईस गेली व किती कामी आली, एवढा आकडा असतो. नावे नसतात. आकड्याला आई ओवाळू शकत नाही.

म्हणून समाजबांधवांपुढे नम्रपणे एक सूचना ठेवतो. आपल्या मंडळाने येत्या वार्षिक सभेत ठराव करून एक साधे तांब्याचे पदक घडवावे. एका बाजूस मंडळाचे नाव व दुसऱ्या बाजूस शिपायाचे नाव, गाव व पलटण मराठीत कोरावी, म्हणजे वाडीतील लहान मुलालाही ते वाचता येईल. सेवा पुरी करून परतणाऱ्या प्रत्येक सभासद-पुत्रास ते सभेत सन्मानाने द्यावे. जो परत आला नाही त्याचे पदक त्याच्या आईस किंवा पत्नीस, तिला पहिल्या रांगेत बसवून द्यावे. तसेच सभासद कुटुंबांतील जुन्या पेन्शनरांची नावे, नंबर व पलटणी एका वहीत उतरवून घ्याव्यात. वही मंडळाच्या कपाटात राहील. घरातील पदक कदाचित मोडले जाईल, परंतु वहीतील नाव मुशीत जाणार नाही. या वहीच्या कामात ज्यांना साहाय्य करावयाचे आहे त्यांनी आपल्या घरची माहिती लिहून मंडळाकडे द्यावी. लेखनाचे काम प्रस्तुत लेखक आनंदाने करील. चाळीस वर्षे हजेरीपट लिहिलेला हात अजून थरथरत नाही.

यशवंतरावांच्या पवित्र स्मृतीस समस्त समाजबांधवांच्या वतीने विनम्र अभिवादन करून हे अल्पसे चरित्र येथे पुरे करतो.