महात्मा जोतीराव फुले यांचा जलविचार

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तथागत बुद्ध आणि संत कबीर यांच्यासह ज्यांना गुरुस्थानी मानले, त्या महात्मा जोतीराव फुले यांची ओळख आपल्याला मुलींच्या शाळेपासून व सत्यशोधक समाजापासून होते. पाण्याशी असलेले त्यांचे नाते मात्र क्वचितच सांगितले जाते. शिरूर-दौंडच्या विद्यार्थ्यांनी ते अवश्य जाणून घ्यावे. भीमा व घोड या नद्या सह्याद्रीत उगम पावतात. तिथे धो धो पाऊस कोसळतो, तर आपला मुलूख पर्जन्यछायेत कोरडा राहतो. म्हणूनच भीमा दुथडी भरून वाहत असतानाही माळावरचे शेत तहानलेले असते.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी झाला. घराणे फुलमाळ्यांचे, त्यामुळे माती व पाणी यांचे मोल त्यांना उपजतच ठाऊक होते. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांसाठी खुला केला. त्या काळी पाणवठ्यावरचा मज्जाव ही सर्वांत क्रूर शिक्षा होती. पाण्यावर सर्वांचा समान हक्क आहे, हे त्यांनी आधी स्वतःच्या अंगणात सिद्ध केले.

मुठा नदीवर खडकवासल्याचे धरण उभे राहत असताना त्यांनी त्या कामाची कंत्राटे घेतली. धरणाचा उजवा कालवा पूर्वेकडे, आजच्या दौंड तालुक्याच्या दिशेने काढण्यात आला. कालव्याचे पाणी घ्यावयास शेतकरी प्रारंभी कचरत होते, तेव्हा जोतीरावांनी मांजरीजवळ जमीन घेऊन बागायती स्वतः करून दाखविली.

त्याच दशकात या भागावर दुहेरी आघात झाला. मे १८७५ मध्ये तत्कालीन भीमथडी तालुक्यातील सुपे येथे सावकारी पाशाविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो शिरूरकडेही पसरला. पाठोपाठ १८७६-७७ चा भीषण दुष्काळ आला. अन्नाला मोताद झालेल्या मुलांसाठी जोतीराव, सावित्रीबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७७ मध्ये धनकवडी येथे बालाश्रम चालविला. निवासी शाळेत शिकणाऱ्या मुलांना त्या आश्रमाविषयी विशेष जिव्हाळा वाटावा.

या अनुभवांचे सार १८८३ मध्ये पूर्ण झालेल्या त्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात उतरले. डोंगरावरचा पालापाचोळा व शेणमूत पावसाबरोबर शेतात उतरून जमीन सकस होते. रान उजाड झाले आणि बांध फुटले की तेच पाणी माती घेऊन नाल्यात निघून जाते, ही कारणपरंपरा त्यांनी स्पष्टपणे मांडली. पाणी नाल्याला मिळण्यापूर्वी शेतात मुरावे यासाठी रिकाम्या लष्करी शिपायांकडून व पोलिसांकडून ताली व बंधारे बांधून घ्यावेत, ओढ्याखोऱ्यांत तळी करावीत, नद्या-तलावांतील गाळ शेतकऱ्यांना मोफत न्यावयास द्यावा, असे त्यांनी सरकारला सुचविले. भूगर्भातील पाण्याच्या जागा जाणकारांकडून शोधून गावनकाशांवर नोंदवाव्यात आणि कालव्याचे पाणी वाया न जाता प्रत्येक शेताला गरजेपुरते मिळावे, हाही त्यांचा आग्रह होता. आज ज्याला पाणलोट क्षेत्र विकास म्हणतात, त्याची ही पायाभरणीच होय.

तथागतांनी शिकविलेल्या प्रतीत्यसमुत्पादाशी या विचाराचे सहज नाते जुळते. कारण असेल तर कार्य घडते. पूर व दुष्काळ हे दैवाचे कोप नव्हेत. उघडा डोंगर, फुटका बांध आणि विषम वाटप ही त्यांची कारणे असतील, तर ती दूर करणे माणसाच्या हाती आहे. खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी आजही दौंडकडे येते. तरीही माथ्याकडच्या शेताला आणि शेपटाकडच्या शेताला ते सारखे मिळते का, हा प्रश्न सुटलेला नाही.

१८८८ मध्ये मुंबईत जनतेने जोतीरावांना ‘महात्मा’ ही पदवी अर्पण केली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या प्रतिमेला पुष्पहार अर्पण करताना आपल्या गावच्या बांधाची एक फुटलेली ताल जरी आपण सांधली, आणि पाणवठ्यावर कोणालाही अडविले जाणार नाही याची दक्षता घेतली, तर ते त्यांना खरे अभिवादन ठरेल.