तिरंग्यामागचा माणूस : पिंगली वेंकय्या

ज्या तिरंग्याला आपण सलामी देता, त्यामागे पिंगली वेंकय्या यांची अनेक वर्षांची तळमळ आहे. आंध्रातील मछलीपट्टणजवळ जन्मलेल्या वेंकय्यांनी १९१६ साली ध्वजाच्या नमुन्यांची पुस्तिका प्रसिद्ध केली. १९२१ साली बेजवाड्यास, म्हणजे आजच्या विजयवाड्यास, त्यांनी गांधीजींना लाल व हिरव्या पट्ट्यांचा ध्वज दिला. हे रंग हिंदू व मुसलमानांचे मानले गेले. इतर समाजांसाठी गांधीजींनी पांढरा पट्टा सुचविला. १९३१ साली लालाच्या जागी केशरी रंग आला आणि रंगांचा अर्थ धर्मांशी न जोडता त्याग, सत्य व श्रद्धा या गुणांशी जोडला गेला. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने चरख्याऐवजी अशोकचक्र घेऊन हा ध्वज स्वीकारला. वेंकय्या मात्र १९६३ साली हलाखीतच निवर्तले.

त्यांचे ऋण कसे फेडाल? केशरी पट्टा नेहमी वर ठेवा. ध्वज जमिनीला टेकू देऊ नका. फाटका, मळका ध्वज लावू नका. तो एकांतात, शक्यतो जाळून, सन्मानाने नष्ट करा. आणि पालकहो, समारंभानंतर रस्त्यात पडलेला कागदी तिरंगा दिसला, तर तो आधी आपण उचला. मुले पाहून शिकतात.